गव्हाणीवरचा पेला

फोन आला तेव्हा माझ्या हातात पेला होता. सकाळची धार काढायची वेळ, शेवंती गाय गव्हाणीशी उभी, आणि मी पोत्यातून तिच्यासाठी गोळीपेंड भरून घेत होते. फोन मिरजेहून, दादांचा, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांचा. एरवी ते बोलायला सुरुवात करण्याआधी दोनदा खाकरतात. उमेदीची सगळी वर्षं फौजेत काढलेल्या माणसाची ती सवय. त्या दिवशी खाकरले नाहीत. “नंदा, तुझी आक्का गेली...” एवढंच म्हणाले. पलीकडे दवाखान्यात भांडी वाजत होती, कुणीतरी कुणाला चहा विचारत होतं. मी “बरं” म्हटलं. काय बरं होतं त्यात? पण अशा वेळी माणूस काहीही बोलतो. मग घरात गेले, सासूबाईंना सांगितलं, शाळेत कळवलं, आलेल्या बायकांना पाणी दिलं. हातातल्या पेल्याचं मी काय केलं ते मात्र अजिबात आठवलं नाही. हे विसरणं पुढे चांगलंच अंगाशी आलं, ते ओघाने येईलच.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, शालन. तिला जाऊन आज दीड महिना झाला. वर्तमानपत्राच्या पुरवणीत लिहावं अशी ती कुणी मोठी बाई नव्हती. बचत गटाची अध्यक्ष हो म्हटलं तर “खुर्चीत बसलं की माजी कंबर धरती” म्हणून उठून आली होती. मेढ्याच्या वर डोंगरात आमचं गाव आहे. तिथे तिने जन्मभर गाई सांभाळल्या, माणसं सांभाळली आणि कधीकधी माझ्यासारखी आखडू माणसंही सांभाळली. समोर मी तिला कायम ‘तुम्ही’ म्हणत आले. लिहिताना मात्र ‘ती’च येतंय. येऊ दे.

तिचं माहेर इस्लामपूरकडचं, उसाच्या काळ्याभोर रानातलं. तिकडे गाय म्हणजे गोठ्यात उभी, पुढ्यात वाढ्याची, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांची, पेंडी, दोन्ही वेळेला पेंड, की झाली दुधाची तयारी. लग्न होऊन ती आमच्याकडे आली तेव्हा आत्या, म्हणजे आमच्या सासूबाई, सकाळी धार काढून गाई सोडून डोंगरउतारावर निघाल्या होत्या. नव्या नवरीने विचारलं, “आत्या, ह्यास्नी कुठं न्यायलाईसा?” आत्या म्हणाल्या, “चरायला.” त्यावर ही हसून म्हणाली होती, “आमच्यात गाई न्हाईत फिराय जात, आमीच जातो गाईंसाठनं.” ते ऐकून आत्या रुसल्या त्या चार दिवस. पाचव्या दिवशी आक्काच त्यांच्या मागोमाग उतारावर गेली आणि संध्याकाळी येऊन म्हणाली, “गवताला वास लय चांगला हाय. दूधबी त्याच वासाचं लागतंय.” तेव्हापासून ती डोंगराची झाली. तरी पेंडीवरचा तिचा विश्वास काही सुटला नाही, माहेरची माया असावी तसा तो तिच्यात होता.

मी घरात आले ती तिच्यानंतर सात वर्षांनी. साताऱ्यात वाढलेली, बी.एड. झालेली, मेढ्याच्या शाळेत मराठी शिकवणारी. गाईला हात लावायचा तर आधी पदर खोचू की घड्याळ काढू, असा माझा प्रकार. पण मला हरायला आवडत नाही, आणि आक्काला मी दिसताक्षणीच स्पर्धक मानून टाकलं होतं, तिचा काडीचा दोष नसताना. वर्षभरात धार काढायला शिकले. मग वाटणी झाली. सकाळची धार आक्काची, शाळेतून आल्यावर संध्याकाळची माझी. त्या वेळी चंद्री नावाची जर्सी गाय होती, आताच्या शेवंतीची आजी. श्रावणात व्याली, पाऊस उघडला, डोंगर हिरवागार, आणि चंद्रीचं दूध भरात आलं. सकाळची चरवी रोज संध्याकाळच्या चरवीपेक्षा बोटभर जास्त भरायची. सगळ्यांना माहीत आहे की रात्रभर साठलेलं दूध सकाळी जास्तच पडतं. मलाही माहीत होतं. पण रोज ते बोटभर माझ्या डोळ्यात खुपायचं.

म्हणून मी चोरी केली. तिला दुसरा शब्द नाही. ठरलेली पेंड गाईला मिळायचीच. त्यावर मी धार काढायच्या आधी कोपऱ्यातल्या पोत्यातला मक्याचा भरडा दोन ओंजळी, मग तीन, मग घमेलंभर, गपचूप चंद्रीपुढे टाकू लागले. दूध वाढलं! आठवड्यात माझी चरवी आक्काच्या चरवीच्या बरोबरीला आली. मी मनातल्या मनात फुगडी घालत होते. तोंडाने म्हणत होते, “हात बसला आता माझा.” आक्का माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, “बसला खरा!” तो टोमणा होता की कौतुक, तेव्हा मला कळलं नाही.

याच दिवसांत आत्यांनी कुरकुर सुरू केली. गाई चरायला न्यायचं काम त्यांचं होतं. त्या रोज दुपारी येऊन सांगायच्या, “चंद्री चरंना झालीया. गुडघाभर मारवेल गवत हाय, तोंडसुदिक लावत न्हाई. घराकडं तोंड करून हुबी ऱ्हाती, कुणाची तरी वाट बघितल्यागत.” आम्ही दोघी जावांनी यावर हसून घेतलं. मी तर म्हटलं, “तुमच्यासारखीच घरओढी झाली ती.” गाय कुणाची वाट बघत होती ते मला चांगलंच ठाऊक होतं. ती माझ्या घमेल्याची वाट बघत होती. पुढ्यात भरडा मिळणार हे कळल्यावर ती कशाला चढउतार करून गवत खुडेल? पण तेव्हा मी एवढा विचार केला नाही, कारण चरवी भरत होती.

आणि एक दिवस डेअरीतून निरोप आला की तुमच्या दुधाची फॅट फार खाली आलीय. गावच्या दूध संकलन केंद्रावर तानाजीअण्णा बसायचे, अजूनही बसतात. माणूस सरळ, पण बोलणं मोजकं आणि टोचणारं. पहिल्या दिवशी ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी चमच्याने दूध ढवळून बघितलं. तिसऱ्या दिवशी दूध परत पाठवलं आणि चार माणसांत म्हणाले, “पाणी न्हाई ह्यात. पाणी असतं तर डिग्रीबी, म्हंजी दुधाचा दाटपणाबी, पडली असती. डिग्री ठणठणीत हाय आन् फॅट तेवढी गायब. ह्याचा अर्थ तुमीच लावा.” अर्थ लावायला गावाला कितीसा वेळ लागतो? दुधातलं सगळं जागच्या जागी आणि फक्त लोणी नाही, म्हणजे साय काढून घेतलीय. आमच्या घराने साय काढून दूध डेअरीत घातलं! त्यात गौरी-गणपतीला माझा भाऊ येऊन गेला होता आणि जाताना मी त्याच्याबरोबर बेसनाच्या लाडवांचा डबा दिला होता. गावात त्या डब्यात तूप भरून झालं. ‘बाईंनी माहेराला तूप धाडलं’ हे मी पाणवठ्यावर माझ्या कानांनी ऐकलं. शाळेत वर्गात शिरताना पोरांच्या आया माझ्याकडे बघून बोलायच्या थांबू लागल्या. खोटेपणा करू नये यावर मी त्या आठवड्यात निबंध लिहायला दिला होता, तो तपासायचीसुद्धा मला लाज वाटली.

आक्काने हे ऐकलं आणि चूल तशीच टाकून थेट केंद्रावर गेली. मी मागे होते. दहाबारा जणं रांगेत, हातात कॅन. ती तानाजीअण्णांना म्हणाली, “आण्णा, माझ्या जावंचं नाव घेतलंय म्हणं गावात. साय काढली आसंल तर ती मी काढली आसंल, गोठा माझ्या ताब्यात हाय. तिचं नाव कुणी घेयाचं न्हाई. आन् काढलीया का न्हाई, ते आज संध्याकाळी तुमीच येऊन बघा. तुमच्यासमोर धार काढती, तुमच्याच कॅनात.” अण्णा म्हणाले, “यीन की.” मला तेव्हा तिच्या मागे लपावंसं वाटलं. मी लपलेही. ती बाई माझी बाजू घेऊन भांडत होती आणि माझ्या कानांत एकच आवाज घुमत होता, भरड्याच्या पोत्याचं तोंड सोडताना होतो तो.

संध्याकाळी अण्णा खरंच आले. सोबत अर्धी आळी. आक्काने आधी वासरू लांब बांधलं, कारण शेवटच्या धारांत लोणी जास्त उतरतं आणि त्या वासराने पिऊन टाकल्या असं कुणी म्हणायला नको. मग पार शेवटचा थेंब निघेपर्यंत तिने धार काढली. मनगट दुखून आलं असणार, पण थांबली नाही. अण्णांनी दूध स्वतः नेलं, स्वतः तपासलं. आकडा तोच, खाली. साय काढायला तर वेळच मिळालेला नव्हता. अण्णा मशीनकडे आणि आक्काकडे आळीपाळीने बघत म्हणाले, “वैनी, चूक झाली माजी. साय न्हाई काढलेली. गाईच्या आतच लोणी न्हाई.” आक्का म्हणाली, “आतच का न्हाई, ते आता मी बघती.”

घरी येऊन ती चंद्रीपुढे पोतं टाकून बसली. मला वाटलं शेण बघेल, कास बघेल. तिने फक्त गाईचं तोंड बघितलं, बराच वेळ. मग म्हणाली, “रवंथ करंना ही.” दुसऱ्या दिवशी मेढ्याहून गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी कूस चाचपली, पातळ शेण बघितलं आणि गोठ्यातच उभ्या उभ्या आम्हाला समजावलं. गाय लांब चारा खाते, तो पुन्हा पुन्हा चघळते, त्यातून तिच्या पोटात जे आंबतं त्यापासून दुधातलं लोणी तयार होतं. पेंड-भरडा बेताने दिला तर चरण्याला जोड मिळते. जास्त झाला तर दूध वाढल्यासारखं दिसतं, पण गाय चरायची सोडते, चघळायची सोडते, पोट आंबट होतं आणि लोणी घटतं. त्यात आता कोवळं हिरवं गवत, त्यालाही धागा कमी. “किती पेंड घालता तुम्ही?” त्यांनी विचारलं. आक्काने सांगितलं. डॉक्टर म्हणाले, “एवढ्याने असं होत नाही. कुणीतरी वर घालतंय.”

गोठ्यात आम्ही तिघी होतो. आत्या म्हणाल्या, “मी दुपारच्याला दोन भाकरी घालती, पर त्या काय...” मी खाली बघत होते. ही वेळ होती. एक वाक्य बोलायचं होतं. आक्का म्हणाली, “मीच घालत व्हते, डॉक्टर. सकाळी. जास्त.” मला वाटलं, केंद्रावर घेतलं तसं हिने हेही स्वतःवर घेतलं. आणि मी घेऊ दिलं. त्यानंतर किती वर्षं ते माझ्या घशात अडकून राहिलं ते माझं मला माहीत.

डॉक्टरांनी काही दिवस भरडा बंद करायला सांगितलं, कडबा भरपूर आणि थोडा खायचा सोडा. ते गेल्यावर आक्का दादांच्या ट्रंकेतून एक पेला घेऊन आली. फौजेतला, पांढऱ्या मुलाम्याचा, कानाचा, निळ्या काठाचा, दोन ठिकाणी टवके उडालेला. तो तिने गव्हाणीच्या भिंतीवर ठेवला आणि फर्मान काढलं. पेंड घालायची ती ह्याच पेल्याने, धारेच्या वेळेला एकदाच. पेला उताणा असेल तर गाईला घालायचं बाकी आहे. पालथा असेल तर घातलंय, पुन्हा कुणी हात लावायचा नाही. पुढच्या धारेला जी येईल तिने आधी पेला उताणा करायचा. “आन् पयला कडबा, मग पेला, मग डोंगुर,” असं तिने आम्हाला पोरांसारखं पाठ करून घेतलं. आत्यांच्या दोन भाकऱ्यासुद्धा पेल्याच्या हिशेबात धरल्या. आत्या फणफणल्या, “माझ्या भाकरीवर पेला ठिवतीस?” पण पंधरवड्याच्या आत चंद्री उतारावर मान खाली घालून चरायला लागली, आणि तानाजीअण्णांनी कॅन परत देताना “आलं बगा लोणी” असं आपणहून सांगितलं, तेव्हा आत्यांनी सगळ्यांत आधी जाऊन पेला पालथा केला.

पुढे त्या पेल्याने आम्हाला पुष्कळ शिकवलं. पावसाळ्यात गवत कोवळं असलं की कडबा वाढवायचा, पेला तसाच. दिवाळीनंतर गवत पिवळं पडतं, त्यातला दम कमी होतो, तेव्हा पेल्यावर अर्धा पेला. उन्हाळ्यात उतारावर नुसती कुसळं उरतात, तेव्हा आक्काच्या माहेराहून कधी वाढ्याची गाडी यायची. ते नुसतं घातलं तर गाईच्या हाडाला बाधतं म्हणून ती त्यावर चुन्याची निवळी शिंपडायची. व्यालेली गाय, आटलेली गाय, गाभण गाय, प्रत्येकीचा पेला वेगळा. हे तिने कुठे लिहून ठेवलं नाही, आणि मी मराठीची बाई असून मलाही ते लिहून घ्यायचं सुचलं नाही. आत्ता लिहितेय तेच पहिल्यांदा.

आणि मग तो पेला गोठ्यातून घरात आला. म्हणजे बोलण्यात आला. मी शाळेतून उशिरा आले, तोंड उतरलेलं असलं की आक्का विचारायची, “नंदे, तुझा पेला पालथा झाला का?” म्हणजे जेवलीस का. “झाला” म्हटलं तरी ती डब्याचं झाकण उघडून बघायची. मला उपाशी राहून रुसायची सवय होती. ती तिने याच एका प्रश्नाने निम्म्याहून जास्त मोडली. दादा फौजेतून कायमचे घरी आले तेव्हा काही महिने कुणाशी बोलत नसत. त्यांनाही तिने हेच विचारून विचारून बोलतं केलं. “उताणाच हाय,” असं दादा एकदा हसून म्हणाले, तेव्हा ती स्वयंपाकघरात येऊन माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली होती.

यंदा तिच्या हृदयाच्या झडपेचं दुखणं निघालं. मिरजेला ठेवलं. मी शनिवारची शाळा करून गेले. ती उशीला टेकून बसली होती, हात काटक्यांसारखे झालेले, पण डोळे तेच, सगळ्या गोठ्याची खबर मागणारे. “शेवंती चरती का?” “चरते.” “पेला?” “पालथा करूनच आलेय.” परिचारिकेने ग्लासातून पेज आणून दिली होती. आक्काने तिचे दोन घोट घेतले, उरलेली माझं लक्ष नाही असं समजून बेसिनमध्ये ओतली आणि ग्लास टेबलावर पालथा घातला. मला हसूही आलं आणि रडूही. आणि कसं कोण जाणे, इतक्या वर्षांचं घशातलं बाहेर आलं.

“आक्का, चंद्रीच्या वेळी... तो भरडा मी घालत होते. संध्याकाळी. चोरून.”

ती म्हणाली, “मला ठावं हाय की.”

“कधीपासून?”

“तवापास्नंच. तू पोत्याला दोन गाठी मारतीस. मी एकच मारती. आत्या तर गाठच मारत न्हाईत. पोत्याला दोन गाठी व्हत्या.”

मी म्हटलं, “मग त्या दिवशी डॉक्टरांसमोर तुम्ही स्वतःवर का घेतलंत?”

आक्का खिडकीकडे बघत म्हणाली, “सोतावर कुठं घितलं? खरंच सांगितलं. मीबी सकाळी घालत व्हते, पेंडंवर आनी दोन ओंजळी. तुजी चरवी वाढाय लागली म्हनून. तू साताऱ्याची, शिकल्याली, तू माज्या म्होरं गेलीस तर मला घरात कोण इचारल?” म्हणजे चंद्रीला दोन्ही बाजूंनी मार होता! आम्ही दोघीही एकमेकींना घाबरून एकाच गाईला चारत होतो, आणि बिचारी गाय डोंगराकडे पाठ करून आमच्या दोघींची वाट बघत उभी राहत होती. आधी ती हसली, मग मी. इतक्या हसलो की परिचारिका येऊन आम्हाला रागावली. “हळू मावशी, तुमची झडप...” आक्का डोळे पुसत तिला म्हणाली, “आगं, तीच उघडली आत्ता.” निघताना तिने माझा हात धरला आणि सांगितलं, “आता ध्यानात ठेव. पेला एकच. हात किती का असंनात.” त्या भेटीनंतर चौथ्या सकाळी दादांचा फोन आला.

तिला गावी आणलं, अंत्यविधी झाला. घर माणसांनी भरलं. सुतकाच्या घरात चूल नाही, म्हणून आळीतल्या बायका टोपलीभर भात, भाकरी, पिठलं आणत होत्या. खाणारं कोण होतं? उरलेला सगळा भात शेवंतीपुढे गेला. भेटायला येणारी प्रत्येक बाई जाताना गोठ्यात डोकावायची, “आक्काची गाय गं...” म्हणून डोळ्याला पदर लावायची आणि काहीतरी घालून जायची. कुणी भाकरी, कुणी केळी, कुणी पोत्याचं तोंड मोकळंच होतं म्हणून त्यातली ओंजळभर पेंड. आत्या घरात बसून, मी घरात बसून, धार आळीतलं कुणीतरी काढून द्यायचं, पण चरायला नेणारं कुणी नव्हतं. सगळं मायेनेच चाललं होतं. तिसऱ्या दिवशी सावडून आल्यावर तानाजीअण्णा दारात आले. कॅन हातात, मान खाली. म्हणाले, “बाई, बोलू न्हाई अशा टायमाला. पर फॅट लय खाली आलीया. रवंथबी करंना म्हणत्यात. गाईलाबी कळलंय बगा, मालकीण गेल्याली.” बायकांनी ते ऐकलं आणि पुन्हा रडणं सुरू झालं.

मला मात्र त्या क्षणी रडू आलं नाही, राग आला. आधी स्वतःचा, मग सगळ्यांचा. मी उठून गोठ्यात गेले. शेवंती सुस्त उभी, पातळ शेण, पुढ्यात आंबलेल्या भाताचा ढीग. गव्हाणीच्या भिंतीवर पेला नव्हता. तीन दिवस त्या जागेकडे कुणी बघितलंच नव्हतं. “अण्णा,” मी म्हटलं, “गाईला काय कळलं ते मला माहीत नाही. पण आम्ही पेला हरवलाय.” मी भात उपसून टाकला आणि कडबा पुढ्यात टाकला. गोठ्याच्या दारात उभी राहून आलेल्या बायकांना हात जोडून सांगितलं, की आक्काच्या नावाने काही घालायचं असेल तर कडब्याची एक काडी घाला, दुसरं काही नको. दोघीतिघींना ते लागलं. एक म्हणाली, “जावंच्या माघारी गाईचा घाससुदिक बंद केला बाईनं.” म्हणू दे. असलं बोलणं मी पूर्वीही ऐकलंय, आणि तेव्हा माझ्यापुढे आक्का उभी होती.

पेला सापडला तो पेंडीच्या पोत्यात, तळाशी. फोन आला तेव्हा मीच तो भरलेला पुन्हा आत सोडला असणार. निळ्या काठाला गोळीपेंड चिकटली होती. धुतला, पुसला आणि भिंतीवर ठेवला, पालथा. त्या दिवशी गाईला पेंड द्यायचीच नव्हती.

पाचव्या दिवशी आत्या काठी घेऊन उठल्या. वय झालंय, आता उतारावर चढवत नाही त्यांना, तरी ओढ्यापर्यंत शेवंतीला घेऊन गेल्या आणि ती मान खाली घालून गवत खुडायला लागली तशा तिथेच दगडावर बसून राहिल्या. मी लांबून बघत होते. आत्या गाईशी काहीतरी बोलत होत्या, बहुतेक आक्काविषयी तक्रारच करत असाव्यात, त्यांचं प्रेम तसंच व्यक्त होतं. हळूहळू रवंथ सुरू झाला. अर्ध्या पेल्यापासून सुरुवात करून मी पुन्हा पूर्ण पेल्यावर आले. परवा सकाळी केंद्रावर अण्णांनी चष्मा वर करून आकडा दोनदा वाचला आणि म्हणाले, “आलं बगा लोणी.” शब्द तेच, पूर्वीचे. मी “होय अण्णा” म्हटलं आणि कॅन घेऊन लगोलग घरी आले, कारण तिथे आणखी थांबले असते तर रडले असते.

घरी आले तर पेला अजून उताणाच होता. धार काढून, दूध घालायच्या घाईत गाईची पेंड राहिली होती. शेवंतीला एक पेला घातला आणि तो पालथा केला. त्याच्या टवके उडालेल्या बुडावर हात ठेवून थोडी उभी राहिले. मागे आत्या येऊन उभ्या होत्या. गोठ्यात त्या पेला पालथा करायच्या, पण बोलण्यात त्यांनी ती पेल्याची भाषा कधीच वापरली नव्हती. ‘माझ्या भाकरीवर पेला ठेवला’ हा राग त्यांनी इतकी वर्षं जपला होता. दीड महिना झाला, रोज कुणी ना कुणी विचारायचं, जेवलात का, आणि मी रोज “झालं” म्हणून वेळ मारून नेत होते. आक्का झाकण उघडून बघायची, ती आता नव्हती. आत्या म्हणाल्या, “नंदे, तुझा पेला पालथा झाला का गं?”

“न्हाई आत्या,” मी म्हटलं, “उताणाच हाय.”

त्यांनी माझ्या हातातला कॅन काढून घेतला, घरात गेल्या आणि दोन ताटं वाढली.